फुगा बसलेला कुणी पाहिला?

सुप्रिया जिना चढून वर आली तेव्हा तिच्या एका पायात स्वतःची चप्पल होती आणि दुसऱ्या पायात नवऱ्याची.

ते आधी दिसलं ज्योतीरामला. बहीण होती त्याची. हातातला चहाचा ग्लास त्यानं इतका हळू खाली ठेवला, जणू तोच फुटणार होता.

निगडीच्या बस टर्मिनसजवळ, फरसाणाच्या दुकानाच्या डोक्यावर सुमनताईंचं ऑफिस. ताई पूर्वी वीजचोरी पकडणाऱ्या पथकात होत्या. मीटरला चुंबक चिकटवणारे, देवीच्या मांडवाच्या नावाखाली घरचा एसी चालवणारे, सगळ्यांना रडवून झालं आणि एक दिवस त्या हसत हसत नोकरी सोडून खासगी तपास करायला लागल्या. ज्योतीराम त्यांचा ड्रायव्हर आणि मदतनीस. मूळचा लातूरकडचा, आणि काळजी करण्यात पटाईत. गाडी एका झटक्यात चालू झाली तरी त्याला वाटायचं, आता नक्की काहीतरी बिघडणार.

"दादा, ह्यांना आज पोलिसात देणार आहेत," सुप्रिया म्हणाली आणि उंबऱ्यातच बसली.

"रडायचं असेल तर रड, पण सांगत सांगत रड," ताई म्हणाल्या. "गोरक्षला? कशाबद्दल?"

सुप्रियाचा नवरा गोरक्ष चाकणच्या मागच्या माळावर एका गॅस प्लांटवर इंजिन चालवायचा. गावकऱ्यांनी मिळून उभा केलेला प्लांट. शेण, मार्केटातले सडके कांदे आणि कंपन्यांच्या कॅन्टीनचं खरकटं टाकीत घालायचं, त्याचा गॅस दिवसभर साठवायचा, आणि ऊन कलल्यावर त्यावर इंजिन चालवून वीज द्यायची.

"शुक्रवारी संध्याकाळी इंजिन मधेच बंद पडलं. गॅसच नाही! काल परत तेच. आता म्हणतात, ह्यांनी मुद्दाम व्हॉल्व्ह उघडून गॅस सोडला. बॅटरीतून वीज देणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडून पैसे खाल्ले म्हणे." तिनं पदरानं नाक पुसलं. "ताई, तो माणूस जेवायला पण जागचा हलत नाही हो. शेजारच्या कंपनीच्या कॅन्टीनमधून कूपनवर डबा मागवतो आणि इंजिनाजवळ बसून खातो. गुरुवारी कंपनीची सुट्टी, कॅन्टीन बंद, म्हणून मी भाकरी-ठेचा बांधून दिला, तर तोही तिथंच बसून. असला माणूस गॅस सोडेल?"

"सोडताना पाहिलं कुणी?"

"खरकटं आणणाऱ्या माऊली टेम्पोवाल्यानं. आज दिवेलागणीला तिसरी आणि शेवटची संधी. आजही वीज नाही दिली तर प्लांटचं काम जाणार आणि कमिटीचे दत्तोबाअण्णा तक्रार देणार."

ज्योतीरामनं बोटं मोजली. भाचीची शाळा, भाड्याची खोली, गावाकडे म्हातारी. सगळं त्या एका इंजिनावर टांगलेलं.

"किल्ली घे," ताई म्हणाल्या. "आणि सुप्रिया, दोन्ही चपला एकाच माणसाच्या घालून घरी जा. लोक उगाच विचारतात."

*

माळावर पोचल्यावर पहिल्यांदा दिसला तो फुगा. पांढराशुभ्र, दोन मजली घराएवढा, कढईतल्या पुरीसारखा टम्म. त्याच्या खाली गोल टाकी, शेजारी दुसरी टाकी, आणि पलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये इंजिन.

ज्योतीराम गाडीतून उतरायलाच तयार नव्हता. "ताई, ह्ये फुटलं तर?"

"फुटत नाही हो," प्लांटची मॅनेजर तेजल हसून म्हणाली. आकुर्डीच्या कॉलेजातून शिकलेली पोरगी. डोळ्यांखाली दोन रात्रींचं जागरण. "बाहेरून दिसतं ते नुसतं कव्हर आहे. ब्लोअरच्या पंख्याच्या हवेवर उभं राहतं. गॅसची पिशवी आत असते, ती वरखाली होते. बाहेरून काही कळत नाही."

"मग गॅस किती आहे ते कसं कळतं?" ताईंनी विचारलं.

"गेज असतो. तो नेमका मागच्या आठवड्यात बिघडला. कमिटीनं पार्ट मंजूर करायला वेळ लावला. काल आलाय, बसवायचाय. पण बसवणार कोण? अण्णांनी गोरक्षला हात लावू नको म्हणून सांगितलंय."

इंजिनाच्या शेडबाहेर गोरक्ष पायरीवर बसला होता. मेहुण्याला पाहून उठला, पण बोलला नाही. दोन दिवसांत खांदे पार खाली आले होते त्याचे.

"एवढं काय अडतं एका संध्याकाळी वीज नाही मिळाली तर?" ज्योतीरामनं विचारलं.

"हेच तर अडतं," तेजल म्हणाली. "दिवसा सगळ्या कंपन्यांच्या छपरावर सोलर. तेव्हा आमची कुणाला गरज नाही, म्हणून आम्ही गॅस राखून ठेवतो. ऊन गेलं की सोलर गप्प, मशिनी मात्र चालू. त्या वेळेला आम्ही उभं राहायचं, एवढंच आमचं काम. त्याच वेळेला आम्ही बसलो, तर आम्हाला ठेवायचं कशाला?"

"इंजिन बंद पडल्यावर तुम्ही काय केलंत?"

"टाकीतली स्लरी, म्हणजे आतला रबडा, तपासायला पाठवणार होते. पण दुसऱ्या दिवशी अण्णांचा फोन आला, चोर सापडलाय, आता तपासणी कशाला?"

ताईंनी मान हलवली आणि टाकीमागे गेल्या. तिथं खरकट्याचे ड्रम रांगेनं ठेवलेले. पिवळ्या ड्रमांवर माश्यांचा असा घोंगाट, की लग्नाची पंगत बसलीय जणू. ज्योतीराम रुमाल नाकाला लावून बाजूच्या दोन निळ्या ड्रमांपाशी जाऊन उभा राहिला.

"तिथं का उभा आहेस?"

"इथं माश्या न्हाईत, ताई."

"हुशार आहेस."

ज्योतीरामला तो टोमणा वाटला. ताईंचं कौतुकही चिमटा काढल्यासारखंच असायचं.

तेवढ्यात तारेच्या कुंपणापलीकडून आवाज आला. "आज कोण आलंय? सरकारी हायसा का?" गवराबाई. शेत अगदी प्लांटला लागून. प्लांट सुरू झाल्यापासून वासावरून भांडणारी बाई म्हणून साऱ्या वाडीला माहीत.

"सरकारी नाही, पण भांडण ऐकून घेते," ताई म्हणाल्या. "शुक्रवारी संध्याकाळी लई वास सुटला असेल ना? सगळा गॅस सोडला म्हणतात."

"कुटला वास? शुकरवारी न्हाई, काल बी न्हाई. सडक्या अंड्यावानी वास येतो येरवी, मी शिव्या देत दार लावती. ह्या दोन दिसात दार उघडं टाकून जेवले." मग तिचा आवाज चढला. "पर त्यांच्या टाकीचं पाणी काल माझ्या मेथीत आलं, आन् मेथी करपली की सगळी! येरवी त्याच पाण्यावर कशी तरारती. कुणाला इचारू आता?"

"संध्याकाळी या. तेव्हा विचारू," ताई म्हणाल्या.

*

दत्तोबाअण्णा शेडमधल्या खुर्चीत बसले होते. कमिटीचे अध्यक्ष. पांढरी टोपी, पांढऱ्या मिश्या, आणि अब्रूचा प्रश्न.

"बाई, तुमी भायेरच्या. ह्यो गावाचा परपंच हाय. अर्ध्या गावानं जमीन दिली. आता माणसं मला रस्त्यात अडवून इचारत्यात."

"गोरक्षच्या जागेवर तुमचा पुतण्या येणार म्हणे?"

अण्णांनी मिशीला हात लावला. "व्हय. मग? पोरगं रिकामं हाय. पर त्यासाठी मी कुणाला जेलात धाडीन, असं वाटलं व्हय तुमाला?"

ज्योतीरामला तर वाटलंच. कोपराला कोपर लावून तो ताईंच्या कानात म्हणाला, "ह्योच, ताई. आपला माणूस बसवायला आमच्या पाव्हण्याचा बळी."

"गप रे. अण्णा, तुम्ही प्लांटवर कधी येता?"

"मीटिंगला. दुपारचं. संध्याकाळी मला दिसत न्हाई नीट."

"आणि माऊलीनं काय पाहिलं ते तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यानंच. घरी येऊन सांगून गेला. मी तेजलला फोनवर कळवलं, येवढं की गोरक्षला व्हॉल्व्हजवळ बघितलंय."

"बाकी काही?"

"बाकी काय पायजे?"

ताई हसल्या. त्यांचं हसू बघून ज्योतीरामला धीर यायला हवा होता, पण त्याचं लक्ष उन्हाकडे होतं. शेडची सावली टाकीपर्यंत सरकली होती.

माऊलीला फोन करून बोलावलं. तो टेम्पो घेऊन आला. उंचापुरा, बोलका, गळ्यात माळ, आणि हात सतत डोक्यावरच्या टोपीकडे.

"ताई, मला पण वाईट वाटतंय बघा. गोरक्ष भावासारखा. पण डोळ्यानं पाहिलं ते पाहिलं."

"काय पाहिलं, ते तुझ्या तोंडून सांग."

"मी रोज सकाळी येतो. दुपारपासून कंपनीची बस चालवतो. शुक्रवारी बसला सुट्टी काढली होती, म्हणून रिकामे ड्रम न्यायला संध्याकाळचा आलो. बघतो तर काय, एवढा मोठा फुगा पार जमिनीला टेकलेला! रिकाम्या पोत्यासारखा. आन् ह्यो व्हॉल्व्हजवळ. मला बघून दचकला."

पायरीवरून गोरक्ष पहिल्यांदाच बोलला. "माऊली, शुक्रवारी तू आलाच नव्हतास."

"आता असंच म्हणणार तू, भावा."

ज्योतीरामनं डोळे मिटले. एकाचा शब्द दुसऱ्याविरुद्ध. आणि आपला पाव्हणा गप्प बसणारा. गप्प माणसावर कोण विश्वास ठेवतं?

ताईंनी मात्र विषयच बदलला. "ते निळे ड्रम कशाचे रे?"

"कॅन्टीनचेच. डाळीचं पाणी, ताक, भांडी धुतलेलं. गुरुवारी आणले तेव्हाचे दोन राहिलेत, बाकीचे त्याच दिवशी टाकीत ओतले."

"पुढच्या टाकीत?"

"हो. खरकटं पुढच्या टाकीत, शेण मागच्या."

"बरं. सूर्य बुडायच्या आत परत ये. तुझ्यासमोर सगळं मिटवून टाकू."

तो गेल्यावर ताई तेजलला बाजूला घेऊन काहीतरी बोलल्या. थोड्या वेळानं गोरक्ष हातात पाना घेऊन टाकीच्या शिडीवर चढताना दिसला. अण्णा ओरडले, "त्याला हात कुणी लावू दिला?"

"मी," ताई म्हणाल्या. "माझी जबाबदारी. अण्णा, चहा घेता का? ज्योतीरामच्या हातचा वाईट होतो, पण गरम असतो."

*

दिवस कलला. माळावरून कंपन्यांच्या बसांचे दिवे सरकू लागले. शेडसमोर सगळे जमले: अण्णा, तेजल, गवराबाई, माऊली आणि गोरक्ष. थोड्या वेळात वीज घेणाऱ्यांच्या कंट्रोल रूमला कळवायचं होतं, आज किती वीज देणार. तेजल सारखी फोनकडे बघत होती.

"माऊली, तुझी नजर चांगली आहे," ताईंनी सुरुवात केली. "फुगा बघ आणि सांग, आत्ता त्यात गॅस किती?"

माऊलीनं मान वर केली. "टम्म भरलाय की."

"अण्णा?"

"भरलाय. पुरीवानी."

"तेजल, गेज बसवलाय ना? तो काय म्हणतो?"

"निम्म्याच्याही खाली," तेजल म्हणाली.

अण्णांनी परत फुग्याकडे पाहिलं, परत तेजलकडे.

"असं कसं? गेज बिघडलाय तुमचा."

"गेज नवा आहे, अण्णा. बिघडलाय तो आपला जुना हिशोब," ताई म्हणाल्या. "तुमच्या घरी गोबरगॅस होता?"

"व्हता की. लोखंडी टाकी. गॅस झाला की टाकी वर, संपला की खाली. म्हातारी सैपाकाला बसायच्या आधी टाकीच बघायची."

"माऊलीच्याही घरी असणार. गावात ज्यानं ज्यानं लोखंडी टाकी वरखाली होताना पाहिली, तो असंच समजणार की गॅस संपला की सगळं खाली बसतं. पण इथं बाहेरचं कव्हर ब्लोअरच्या हवेवर उभं असतं. आतली पिशवी रिकामी झाली तरी ते असंच टम्म. तेजल, ते कधी खाली बसलंय?"

"उभारल्यापासून एकदाही नाही. ब्लोअर बंदच केलेला नाही."

"म्हणजे माऊलीनं जमिनीला टेकलेला फुगा पाहिला, तो ह्या माळावर नाही. तो त्यानं स्वतःच्या घराच्या परसात पाहिला, लहानपणी. हा माणूस संध्याकाळी इथं कधी आलेलाच नाही. सकाळी यायचा, फुगा गोल दिसायचा, त्याला वाटायचं भरलाय. तेजलला हे लगेच कळलं असतं, पण तिच्यापर्यंत पोत्याची गोष्ट पोचलीच नाही. फक्त व्हॉल्व्ह पोचला."

"ताई, अंधारात मला तसं दिसलं असंल," माऊलीचा हात टोपीवर गेला.

"असेल. मग आणखी एक दाखव." ताई निळ्या ड्रमापाशी गेल्या आणि झाकण उघडलं. "डाळीचं पाणी आणि ताक ना? कोपरापर्यंत हात घाल. मी माफी मागते आणि घरी जाते."

माऊली जागचा हलला नाही.

"अरे, ताक आहे. थंड असेल."

माऊली एक पाऊल मागे सरकला. ताईंनी झाकण परत बसवलं. "घालू नकोस. घातला असतास तरी मीच धरला असता. कातडी निघाली असती."

गवराबाई पुढं आली. "म्हंजे माझी मेथी…"

"ह्याच पाण्यानं. पिवळ्या ड्रमांवर माश्या बसायला जागा नाही आणि निळ्यांवर एक नाही, हे ज्योतीरामनं पहिल्यांदा ओळखलं."

ज्योतीरामनं आपण ओळखलं होतं हे प्रथमच ऐकलं. त्यानं मान डोलावली.

"माशीला कळतं ताक कुठलं आणि अ‍ॅसिड कुठलं," ताई पुढं बोलल्या. "माऊली म्हणाला, हे गुरुवारी कॅन्टीनमधून आणलं. पण गुरुवारी कंपनीची सुट्टी. कॅन्टीन बंद म्हणून सुप्रियानं नवऱ्याला भाकरी बांधून दिली होती. बंद कॅन्टीनमधून ड्रम भरून कुठलं खरकटं आलं? ते आलं धातूला मुलामा देणाऱ्या कुठल्यातरी प्लेटिंगच्या शॉपमधून. अ‍ॅसिडनं धातू धुतलेलं पाणी. रीतसर टाकायला गेलं तर महाग पडतं, म्हणून टेम्पोवाल्याला चार पैसे देऊन गपचूप न्यायला सांगतात. आधी हा थोडं थोडं खरकट्यात मिसळून आणत असेल. गुरुवारी मिसळायला खरकटंच नव्हतं, म्हणून नुसतं तेच ओतलं."

तेजल टाकीकडे वळली. "टाकीतले जिवाणू मेले. खरकटं खाऊन गॅस करतात ते. मग गॅस सोडला नाही कुणी. तयारच झाला नाही!"

"म्हणून गवराबाईंना वास आला नाही. एवढा गॅस खरंच सोडला असता तर ह्या बाईनं साऱ्या वाडीला गोळा केलं असतं. तू स्लरी तपासणार म्हटल्यावर माऊलीला धाक बसला. चोर आधीच सापडला तर तपासणी कोण करणार? आणि गप्प बसणारा माणूस एकच होता इथं."

माऊली टेम्पोच्या चाकाला टेकला. "मला वाटलं, येवढ्या मोठ्या टाकीत दोन-चार ड्रमानं काय व्हतंय," तो शेवटी म्हणाला. "गोरक्षला जेलात धाडायचं नव्हतं मला. वाटलं, नुसती नोकरी जाईल."

"नुसती!" ज्योतीराम एवढ्या जोरात ओरडला की गवराबाई दचकली.

गोरक्षनं त्याच्या दंडाला धरलं. "दादा, राहू द्या. ऊन गेलं."

खरंच गेलं होतं. तेजलच्या हातातला फोन वाजू लागला. कंट्रोल रूम.

"सगळी देतो म्हून सांगा!" अण्णा घाईनं म्हणाले. "गावाचं नाक हाय. न्हाई तर काम गेलं."

तेजलनं गोरक्षकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. सकाळपासून ज्याला कुणी काही विचारलं नव्हतं, त्याला.

"मागच्या टाकीचा गॅस चांगला आहे, पण तेवढ्यावर पूर्ण रेटणार नाही," तो सावकाश म्हणाला. "पूर्ण सांगून मधेच बंद पडलो म्हणूनच दोनदा बोलणी खाल्ली. तिसरा हिस्सा सांगा. तेवढा शेवटपर्यंत देतो."

तेजलनं फोन उचलून स्पीकरवर टाकला. सगळं खरं सांगितलं: टाकी खराब झाली, आज तिसरा हिस्सा, पण पक्का.

"आधी सांगितलंत हे बरं केलंत," पलीकडचा आवाज म्हणाला. "बाकीचं आम्ही दुसरीकडून घेतो. पण जेवढं बोललात तेवढं आलं पाहिजे. मग पुढचं बोलू."

अण्णांनी टोपी काढून परत घातली. मग गोरक्षसमोर येऊन उभे राहिले. "चालू कर, बाबा," एवढंच म्हणाले.

गोरक्ष शेडमध्ये गेला. इंजिन एकदा खोकलं. परत खोकलं आणि गप्प झालं. तेजलनं ओठ चावला. ज्योतीरामनं हात जोडले, कुठल्या देवाला ते त्यालाही माहीत नव्हतं. गोरक्षनं वाकून काहीतरी फिरवलं, कान लावला, परत फिरवलं. आणि मग पत्र्याचं शेड थरथरायला लागलं. आवाज आधी अडखळता, मग सलग, मग जाड आणि भरदार. पॅनेलवरचा काटा उठला आणि बरोबर जिथं सांगितलं होतं तिथं जाऊन थांबला.

ज्योतीरामच्या खिशात फोन केव्हाचा थरथरत होता. सुप्रियाचा. त्यानं उचलला.

"दादा? दादा, बोल ना! नेलं का ह्यांना? आणि एवढा आवाज कसला येतोय?"

ज्योतीरामनं फोन शेडच्या दाराशी धरला, मग परत कानाला लावला.

"तुझा नवरा कामावर आहे," तो म्हणाला.